हप्ता कमी झाला, कर्ज सत्तरीला पोचलं

गोव्यातल्या फोंड्याहून आलेलं पत्र थोडं कापून देतो. नाव अर्थातच गाळलं आहे.

"वय ४६. मूळचा पाळीचा, आता कुर्टीत फ्लॅट. २०१२ पर्यंत खाणीवर मशिनरीच्या देखभालीला होतो. खाणी बंद झाल्या तेव्हा दोन वर्षं घरी काढली, मग कुंडईला औषधांच्या कारखान्यात लागलो. हातात ७६ हजार येतात. निवृत्ती ५८ ला. पत्नी घरी शिवणकाम करते, मुलगी अकरावीला. ऑक्टोबर २०२१ मध्ये फ्लॅटसाठी ४० लाखांचं कर्ज घेतलं, २० वर्षांसाठी, ६.९ टक्के, हप्ता ३०,७७०. मधे दर वाढले तेव्हा तो ३३,३४० झाला. आता रेपो (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो दर) उतरल्यावर बँकेने विचारलं म्हणून हप्ता कमी करून घेतला, २९,९५०. वाचलेले ३,४०० म्युच्युअल फंडाच्या एसआयपीत टाकतो, १५ टक्के धरून. बँकेचा आता मेसेज आलाय, ९.२५ टक्क्यांवर दर तीन वर्षं फिक्स करून देतो. मेव्हणा म्हणतो थांब, दर पुन्हा सातच्या खाली येणार. काय करू? कर्ज फेडण्याची तशी चिंता नाही. २०२४ च्या मार्चमध्ये बँकेतूनच गॅरंटीवाली पॉलिसी घेतली आहे. वर्षाला दीड लाख, दहा वर्षं भरायचे, विसाव्या वर्षी डबल, ३० लाख. दोन हप्ते भरले, तिसरा येत्या मार्चमध्ये. शिवाय पीएफमध्ये ११ लाख आणि एफडीत ४ लाख आहेत. स्टेटमेंट जोडलं आहे. आणखी एक, मोपा विमानतळाजवळ एक प्लॉट स्वस्तात मिळतोय."

आधी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकतो. फिक्स करू नका. आज तुमचा दर ८.१५ आहे. ९.२५ म्हणजे १.१ टक्का जास्त, आणि ३७ लाख ६० हजारांच्या उरलेल्या मुद्दलावर १.१ टक्का म्हणजे वर्षाला ४१ हजार. तेही फक्त तीन वर्षांसाठी. त्यानंतर दर कुठे बसवायचा ते बँक ठरवणार. याला फिक्स म्हणणं म्हणजे चवथीपुरत्या लावलेल्या रोषणाईला कायमची वीजजोडणी म्हणणं. आपल्याकडे वीस वर्षांचा खराखुरा स्थिर दर सहसा मिळत नाही याला कारण आहे. बँकेकडचा पैसा तुमच्या-माझ्या एक-दोन-तीन वर्षांच्या ठेवींचा. तो वीस वर्षं एकाच दराने देऊन बसली आणि उद्या ठेवीदारांनी जास्त व्याज मागितलं, तर बँक मधल्यामधे चिरडते. अमेरिकेत नेमकं हेच झालं. तिथल्या बचत-कर्ज संस्थांनी स्वस्त स्थिर दराने घरकर्जं वाटली होती. १९७९ नंतर पॉल व्होल्कर यांच्या फेडरल रिझर्व्हने, म्हणजे तिथल्या रिझर्व्ह बँकेने, महागाई मोडायला दर आभाळाला नेऊन भिडवले, तसा या संस्थांचा ठेवींवरचा खर्च कर्जाच्या उत्पन्नापेक्षा वर गेला. पुढे चुकीचे नियम आणि बेफाम कर्जं यांची भर पडली, आणि १९८६ ते १९९५ या दहा वर्षांत अशा हजाराहून अधिक संस्था बुडाल्या. जोखीम कुठेतरी बसतेच. आपल्याकडे ती कर्जदाराच्या मांडीवर बसवलेली आहे, आणि तीन वर्षांच्या 'फिक्स'ने ती मांडीवरून उठत नाही.

आता मेव्हण्यांचं भाकीत. २०२१ चा तुमचा ६.९ टक्के दर कुठून आला ते आठवा. कोविडमध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो ४ टक्क्यांवर आणला, मे २०२० मध्ये, आणि दोन वर्षं तिथेच ठेवला. तो आजारपणातला दर होता. ४ मे २०२२ रोजी पतधोरण समितीने ठरलेल्या बैठकीची वाटही न पाहता तो वाढवला आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत ६.५ वर नेला. दहा महिन्यांत अडीच टक्के. मग दोन वर्षं हललाच नाही. २०२५ मध्ये चार वेळा कमी होऊन डिसेंबरात ५.२५ झाला. समितीत सहा माणसं, समोर महागाईचं लक्ष्य ४ टक्क्यांचं, खाली-वर दोनाची मुभा. टोमॅटो, तेल, पाऊस आणि रुपया यांच्याकडे बघून ती सहा माणसं दर दोन महिन्यांनी ठरवतात. त्यात मेव्हणे कुठेही नाहीत, मीही नाही.

आणि खुद्द दर ठरवणाऱ्याचं ऐकूनही माणूस फसतो. फेब्रुवारी २००४ मध्ये फेडरल रिझर्व्हचे तेव्हाचे अध्यक्ष अॅलन ग्रीनस्पॅन म्हणाले होते की मागच्या दशकात अनेक घरमालकांनी स्थिर दराऐवजी बदलता दर घेतला असता तर त्यांचे हजारो डॉलर वाचले असते. मागच्या काळाबद्दल त्यांचं म्हणणं खरंच होतं. चारच महिन्यांनी, जून २००४ मध्ये, त्यांच्याच संस्थेने दर वाढवायला सुरुवात केली आणि दोन वर्षांत लागोपाठ सतरा वेळा वाढवून १ टक्क्यावरून ५.२५ वर नेला. ज्यांनी ते भाषण ऐकून कर्ज बदललं असेल त्यांची आठवण मला प्रत्येक 'रेपो कुठे जाणार' या पत्राबरोबर येते.

तर प्रश्न संपला. आता स्टेटमेंट उघडा. उजवीकडे खाली एक ओळ आहे: उर्वरित हप्ते २८३. पाहिली होती?

२८३ भागिले १२, साडेतेवीस वर्षं. तुम्ही आज ४६. म्हणजे शेवटचा हप्ता सत्तरीच्या उंबरठ्यावर. वीस वर्षांचं कर्ज, साडेचार वर्षं होत आली, आणि अजून साडेतेवीस बाकी. पत्रात हप्त्याचे तीन आकडे रुपयापर्यंत अचूक आहेत, मुदतीचा एकही नाही.

हे कसं झालं ते सांगतो, कारण तुमच्यासारख्या शेकडो जणांचं असंच झालं आहे. दर रेपोशी जोडलेला, वर बँकेचा २.९ चा फरक. रेपो ६.५ झाला तसा तुमचा दर ९.४ झाला. तेव्हा मुद्दल साधारण ३९ लाख होतं. त्यावर महिन्याचं व्याजच साडेतीस हजार. तुमचा हप्ता ३०,७७०. म्हणजे तुम्ही दर महिन्याला मुद्दलातले फेडत होता दोनशे-सव्वादोनशे रुपये. एवढ्याने कर्ज या जन्मात फिटत नाही हे बँकेच्या संगणकालाही कळतं, म्हणून त्याने दोन गोष्टी केल्या: हप्ता थोडा वाढवला, ३३,३४०, आणि मुदत जितकी ताणता येते तितकी ताणली, तुमच्या सत्तरीपर्यंत. हप्ता वाढल्याचं तुमच्या खिशाला कळलं. मुदत ताणल्याचं कुणालाच कळलं नाही.

रिझर्व्ह बँकेला हे दिसलं, पण थोडं उशिरा. १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने बँकांना बजावलं की दर बदलताना कर्जदाराला हप्ता आणि मुदत यांवरचा परिणाम सांगा. हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे त्याला निवडू द्या. स्थिर दरावर जाण्याचा आणि मधेच पैसे भरण्याचा पर्याय ठेवा. दर तिमाहीला स्टेटमेंट द्या, ज्यात आतापर्यंत गेलेलं मुद्दल, व्याज, हप्ता आणि उरलेले हप्ते लिहिलेले असतील. जुन्या कर्जांनाही हे २०२३ अखेरपर्यंत लागू करायचं होतं. तुमची मुदत त्याआधीच, फेब्रुवारीत, गुपचूप वाढली. ते तुमच्या हातात नव्हतं. पण आता २०२५ मध्ये दर उतरल्यावर बँकेने विचारलं, आणि तुम्ही स्वतः सांगितलंत की मुदत राहू द्या, हप्ता कमी करा. ही चूक मात्र तुमची आहे, आणि ती उलटवता येते, म्हणून तिच्यावर बोलतोय.

हिशेब असा. आतापर्यंत तुम्ही भरले साडेसोळा लाखांच्या आसपास. मुद्दल उतरलं फक्त दोन लाख चाळीस हजार. बाकी चौदा लाख व्याज. आजच्या दराने २९,९५० चा हप्ता सत्तरीपर्यंत चालला तर अजून ८५ लाख जातील. तुम्ही ५८ ला निवृत्त व्हाल त्या दिवशी कर्जाचं मुद्दल बाकी असेल २७ लाख, पगार शून्य, आणि हप्ता चालूच.

"पीएफमधून काय ते बघू" असं तुम्ही लिहिलेलं नाही, पण दोन ओळींच्या मधे वाचता येतं. आज ११ लाख आहेत, महिन्याला दोन्ही बाजूंचे मिळून सातेक हजार जमा होत असतील, ८.२५ चा दर टिकला असं धरलं तर ५८ पर्यंत ४५ लाखांच्या आसपास होतील. त्यातले २७ बँकेला दिलेत की १८ राहतात. १८ लाखांत दोघांनी पुढची पंचवीस-तीस वर्षं काढायची. खाजगी नोकरीतलं पेन्शन किती येतं ते तुमच्या निवृत्त सहकाऱ्यांना विचारून बघा.

इथे एक गोष्ट मला खरोखर खुपली. तुम्ही २०१२ चे आहात. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या तेव्हा पाळी, वेळगे, साखळी, डिचोली या पट्ट्यात काय झालं ते तुम्ही पेपरात वाचलेलं नाही, अंगावर काढलं आहे. ट्रकांवर कर्जं होती, बार्जांवर कर्जं होती, आणि सगळ्यांचं उत्पन्न एकाच दिवशी एकाच कारणाने बंद पडलं. मधे जरा धुगधुगी आली, आणि मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पुन्हा सगळं ठप्प. ट्रक विकायला काढावा तर गिऱ्हाईक कोण? सगळेच विकायला बसलेले. पगार आणि मालमत्ता एकाच दोरीला बांधलेली असली की दोरी तुटल्यावर काय होतं, हे गोव्याला कुणी पुस्तकातून शिकवायला नको.

पुस्तकात मात्र ते आहे. जॉन कॅम्पबेल आणि जुआंव कोक्को (नाव वाचून सासष्टीतला कुणी वाटेल) या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये घरकर्ज कुणी कसलं घ्यावं यावर एक शोधनिबंध लिहिला, तो आजही या विषयात वापरला जातो. त्यांचं म्हणणं थोडक्यात: बदलत्या दराचं कर्ज सरासरीने स्वस्त पडतं आणि महागाईचा धक्का त्यातून बराचसा जिरतो, पण दर वाढले की हप्ता एकदम वाढतो, आणि नेमकं त्याच वेळी घरात पैसा नसला तर माणूस अडकतो. म्हणून ज्याचं कर्ज उत्पन्नाच्या मानाने लहान आणि उत्पन्न स्थिर, त्याला बदलता दर झेपतो. ज्याचं कर्ज मोठं आणि उत्पन्न हेलकावे खाणारं, त्याने सांभाळून. आपल्याकडे असा लांब मुदतीचा स्थिर दर सहसा मिळत नाही, म्हणजे दुसऱ्या गटातल्या माणसाला तो दर निवडून जोखीम टाळता येत नाही. मग त्याच्या हातात उरतं काय? कर्ज लवकर लहान करणं, आणि हाताशी रोकड ठेवणं. तुम्ही बरोबर उलटं केलंत: कर्ज लांबवलं, रोकड वीस वर्षांच्या पॉलिसीत कोंडली.

आणि धक्का किती जवळ आहे ते बघा. आजच्या ३७ लाख ६० हजारांवर दर पुन्हा ९.४ झाला, म्हणजे तीन वर्षांपूर्वी होता तेवढाच, तर महिन्याचं व्याज साडेएकोणतीस हजार. तुमचा नवा हप्ता २९,९५०. पुन्हा त्याच जागी, पाचशे रुपयांवर. दर १०.१५ झाला तर व्याज ३१,८००, हप्त्यापेक्षा जास्त. हप्ता कमी करून तुम्ही गादी काढून टाकली आहे.

आता पॉलिसी. घोडं इथेच पेंड खातंय.

'डबल' या शब्दाला मराठी माणूस शंभर वर्षं भुलत आला आहे. डबल कशात, ते विचारायचं राहून जातं. तुम्ही दहा वर्षं दीड-दीड लाख भरणार. पहिला हप्ता वीस वर्षं अडकतो, दहावा अकरा वर्षं, सरासरी साडेपंधरा वर्षं. पैसे दुप्पट व्हायला जितकी वर्षं लागतात त्याने ७२ ला भागलं की अंदाजे व्याजदर मिळतो. ७२ ला साडेपंधराने भागा: साडेचार टक्क्यांच्या जरा वर. नीट गणित केलं तरी साडेचारच येतं. म्हणजे तुम्ही बँकेकडून ८.१५ ने पैसे घेता आणि त्याच बँकेच्या काउंटरवरून विमा कंपनीला साडेचारने देता. दोन्हीकडून पैसे कुणाला मिळतात ते सांगायची गरज नाही. आणि हे मार्च महिन्यात विकलं गेलं, 'टॅक्स वाचेल' म्हणून, बरोबर? २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत करच लागत नाही. तुमचा पगार त्याच्या आत आहे. वाचवायला कर उरलेलाच नाही, ना पॉलिसीवर, ना घरकर्जाच्या व्याजावर. करसवलतीसाठी कर्ज चालू ठेवा असं सांगणारा कुणी भेटला तर त्याला चहा पाजून पाठवा.

विकणारा ओळखीचाच असेल. गोव्यात सगळेच ओळखीचे असतात, म्हणून तर इथे नको ती पॉलिसी नाकारणं जड जातं. त्याच्यावर राग धरू नका, त्याला महिन्याचं टार्गेट असतं. संतोष अनागोल, शॉन कोल आणि शायक सरकार या संशोधकांनी भारतातल्या विमा एजंटांकडे बनावट ग्राहक पाठवून पाहिलं होतं. ज्याला फक्त मुदत विमा (टर्म इन्शुरन्स, मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा) हवा होता आणि तोच योग्य होता, त्यालाही बहुतेक एजंटांनी जास्त कमिशनची बचतवाली पॉलिसीच सुचवली. ग्राहकाचा चुकीचा समज दुरुस्त करण्यापेक्षा त्याला मान डोलावणं त्यांना परवडत होतं. मोनिका हलन, रेणुका साने आणि सुझन थॉमस यांचा २०१४ चा अंदाज तर असा की २००४-०५ ते २०११-१२ या काळात चुकीच्या विमा विक्रीत आणि बंद पडलेल्या पॉलिसींत ग्राहकांचे दीड लाख कोटींहून जास्त बुडाले. तुमचे तीन लाख त्या रांगेत मागे उभे आहेत.

मग मोडायची का? इथे घाई करू नका. भरलेले तीन लाख गेले असं समजून पुढचं बघायचं. ऑक्टोबर २०२४ च्या आधी निघालेल्या तुमच्यासारख्या पॉलिसीत दोन हप्त्यांनंतर सरेंडरला किमान ३० टक्के मिळतात, म्हणजे ९० हजार. पोटात गोळा येतो, मान्य. दुसरा रस्ता: चालू ठेवायची. ते ९० हजार आणि पुढचे आठ हप्ते मिळून अठरा वर्षांनी ३० लाख. हा पुढचा परतावा सहा टक्क्यांच्याही आत आहे. तोच पैसा ८.१५ च्या कर्जात गेला तर तेवढ्याच काळात त्याचं मोल ४१ लाखांच्या वर जातं. म्हणजे गेलेले विसरूनही पुढचे भरणं तोट्याचंच.

तिसरा रस्ता एजंट सहसा सांगत नाही: पेड-अप. हप्ते थांबवायचे, पॉलिसी तशीच ठेवायची, मुदतीअंती भरलेल्या प्रमाणात रक्कम. दहातले दोन भरले, तर ३० लाखांच्या दोन-दशांश, सहा लाख. खरोखर सहा मिळणार असतील तर हा सरेंडरपेक्षा कितीतरी चांगला सौदा. पण काही योजनांत पेड-अप रक्कम फक्त मूळ विमा रकमेवर काढतात, वरची 'गॅरंटीड भर' धरत नाहीत. म्हणून विमा कंपनीकडून लेखी दोन आकडे घ्या: आज सरेंडर किती, पेड-अप केल्यावर मुदतीअंती किती. पेड-अपचा आकडा पावणेचार लाखांच्या वर असेल तर पेड-अप. खाली असेल तर सरेंडर करून ९० हजार थेट कर्जात. शाखेतला माणूस तोंडी जे सांगेल ते ऐकून घ्या आणि लेखी येईपर्यंत विसरून जा.

त्याआधी मात्र मुदत विमा. तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखच नाही. कारखान्याचा गट विमा नोकरीबरोबर जातो, आणि पॉलिसीतलं १५ लाखांचं संरक्षण ३७ लाखांच्या कर्जापुढे लहान. पाऊण कोटीचा मुदत विमा, ६० वर्षांपर्यंत. वैद्यकीय तपासणी होऊन तो हातात आला की मगच पॉलिसीचा हप्ता थांबवायचा. तपासणीत काही निघालं तर मला पुन्हा लिहा, तेव्हा हिशेब बदलेल.

पॉलिसीचे दीड लाख म्हणजे महिन्याला साडेबारा हजार. कर्ज ५८ व्या वर्षी संपवायला आजच्या दराने हप्ता लागतो ४१ हजार, म्हणजे आताच्यापेक्षा ११ हजार जास्त. तुमचे पैसे तुमच्याच घरात होते, फक्त दुसऱ्या खोलीत. एकूण जाणारे ८५ लाखांवरून ५९ वर येतात, सव्वीस लाखांचा फरक.

पण हप्ता सरळ ४१ हजार करून घेऊ नका. पुन्हा तेच, तुम्ही २०१२ चे आहात. करारातला हप्ता चुकवता येत नाही, वरचा भरणा थांबवता येतो. म्हणून करारातला हप्ता पूर्वीचा ३३,३४० करून घ्या, तो तुम्ही तीन वर्षं रडतखडत का होईना भरलात. उरलेले ७,७०० दर महिन्याला, किंवा बँक कटकट करत असेल तर तिमाहीला २३ हजार, मुद्दलात वेगळे भरा. वैयक्तिक घरकर्ज बदलत्या दराचं असेल तर मुदतपूर्व भरण्यावर दंड घेता येत नाही. प्रत्येक वेळी अर्जात 'हप्ता तोच, मुदत कमी' असं लिहा, नाहीतर संगणक पुन्हा प्रेमाने हप्ता कमी करून देईल. नोकरीवर गदा आली तर हे ७,७०० त्याच महिन्यात थांबतील, बँकेला विचारावंही लागणार नाही.

त्याच अर्जात दुसरी ओळ: माझा रेपोवरचा २.९ चा फरक कमी करा. नव्या ग्राहकांना सार्वजनिक बँका साडेसात टक्क्यांच्या आसपास कर्ज देत असताना तुम्ही ८.१५ का भरता? अर्धा टक्का जरी उतरला तरी वर्षाला १८,८०० वाचतात. बँक थोडी फी मागेल, ती द्या. नाहीच म्हणाली तर दुसऱ्या बँकेचं मंजुरीपत्र आणून टेबलावर ठेवा. पुष्कळदा कर्ज हलवावं लागत नाही, कागद दाखवला की पुरतं.

एफडीचे चार लाख कर्जात टाकायचा मोह होईल. टाकू नका. तुमचा घरखर्च आणि हप्ता मिळून महिन्याला साठ हजार, म्हणजे हे साडेसहा महिन्यांचं रेशन आहे. मागच्या वेळी दोन वर्षं लागली होती. शिवणकामाचे पैसे वाढले तर ते इथे जमवा, आणि मुलीच्या बारावीनंतरच्या फीचं पहिलं पाऊलही इथूनच पडेल.

एसआयपी चालू ठेवा, पण १५ टक्के डोक्यातून काढा. मी माझ्या स्वतःच्या हिशेबात दहा धरतो आणि तेही जीव मुठीत धरून. ७६ हजारांत कर्ज ४१, घर तीस, एसआयपी ३,४०० जाऊन महिन्याला सोळाशे उरतात, ते मुदत विम्याला. कमी पडले तर एसआयपीतून काढा.

मोपाजवळचा प्लॉट. सनद, म्हणजे जमीन बांधकामाला वापरायची सरकारी परवानगी, आहे का? पत्रात नाही. 'स्वस्तात' हा शब्द आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या घरगुती वित्त समितीने, अध्यक्ष तरुण रामदोराय, मोजलं होतं की भारतीय कुटुंबाची सरासरी ८४ टक्के संपत्ती घर-जमीन आणि तत्सम वस्तूंत आहे, ११ टक्के सोन्यात आणि जेमतेम ५ टक्के आर्थिक साधनांत. तुमचा फ्लॅट धरला तर तुम्ही त्या सरासरीपासून फार लांब नाही. विमान उतरलं म्हणून पेडण्यातली प्रत्येक भरड जमीन बांधकामयोग्य होत नाही. हा विषय इथेच मिटवा.

शेवटी, पत्रात वहिनींचं मत कुठेच आलं नाही. लग्नाआधी वेगळा करार नोंदवला नसेल तर आपल्या गोव्याच्या कायद्याने हा फ्लॅट अर्धा त्यांचा, आणि घरासाठी काढलेल्या कर्जाचा भारही त्यांच्यावर. सत्तरीचा आकडा त्यांना दाखवा. शिवणकामाची वही ठेवणारी बाई २८३ हा आकडा पहिल्या नजरेत पकडेल.

पॉलिसीचा हप्ता तुमच्या खात्यातून आपोआप कापला जातो, असं स्टेटमेंटवरून दिसतं. मुदत विमा हातात आला की ते मँडेट नेटबँकिंगमधून किंवा शाखेत जाऊन रद्द करा, फेब्रुवारी संपायच्या आत. रद्द झाल्याची पावती घ्या. मार्चनंतर तीस दिवसांची सवलत असते, त्या काळात फोन येतील, ओळखीच्याचाही येईल. विमा कंपनीचे दोन लेखी आकडे आले की मला पाठवा.